सोवळं संपतं कुठं, मंत्रचळ लागतो कुठं

या लेखातली दोन्ही माणसं कल्पित आहेत. मावशी जामखेड तालुक्यातल्या एका गावची, सत्तरी गाठलेली. आरोळे दांपत्याच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात शिकून तिनं उभं आयुष्य गावची आरोग्य कार्यकर्ती म्हणून काढलं. भाचा तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. तो मानसोपचारतज्ज्ञ, पुण्यात शिकला, नगरला दवाखाना चालवतो. त्यांच्या बोलण्यात आलेली संशोधनाची नावं, वर्षं आणि आकडे मात्र खरे आहेत, आणि ज्या प्रश्नावर ती भांडतात तोही खरा आहे.

प्रश्न मंत्रचळाचा. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. नको असलेला विचार मनात घुसतो, हुसकला तरी परत येतो. त्यानं उठणारी भीती शमवायला माणूस काहीतरी करतो, हात धुतो, कुलूप ओढून बघतो, मोजतो, मनातल्या मनात देवाचं नाव घेतो. घटकाभर बरं वाटतं आणि विचार पुन्हा हजर. दिवसाचे तासचे तास त्यात जातात. हा आजार सगळ्या जगात एकच आहे, की मुलूख बदलला की तोही बदलतो, यावरून दोघांची जुंपली.

भाचा : मावशी, यात गावाचं वेगळं, शहराचं वेगळं असं काही नसतं. १९९४ साली अमेरिका, कॅनडा, जर्मनी, कोरिया, न्यूझीलंड अशा सात ठिकाणच्या पाहण्या शेजारी ठेवून बघितल्या. आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेली माणसं जवळजवळ सगळीकडे शंभरात दोन-अडीच. एकट्या तैवानात एकाहून कमी, पण तिथं सगळेच मनाचे आजार कमी नोंदले गेले होते. मेंदूचा पुढचा भाग आणि आत खोलवरची केंद्रं यांच्यात जी ये-जा चालते, ती अडकते. इथंही तेच, कैरोतही तेच. गोळीसुद्धा तीच लागू पडते.

मावशी : आणि आपल्या देशात किती?

भाचा : २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्सनं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. बारा राज्यं घेतली होती, महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या वेळी आजार अंगावर असलेली माणसं हजारात आठ निघाली.

मावशी : म्हंजे लाखभर मोठी माणसं असलेल्या मुलखात आठशे. कुठं हायेत रे ती? तुझ्या दवाखान्यात आली का?

भाचा : आपल्या भागातून आलेली बोटांवर मोजण्याइतकी. त्यातही पुरुषच जास्त. हे माझ्या एकट्याचं नाही. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांतून जे अभ्यास झाले, त्यांत बहुतेक ठिकाणी पुरुष जास्त भरलेत. बाहेरच्या देशांत बाया बरोबरीनं येतात, कधी थोड्या जास्तच.

मावशी : मग आपल्या बायांना होतच न्हाई म्हणायचं?

भाचा : होत असणार. येत नाहीत.

मावशी : येतील कशाला? जी बाई भांडं चारदा विसळती, चूल पुन्हा पुन्हा सारवती, तिला कुणी आजारी म्हणतं का? तिची सासू चार घरी सांगत फिरती, सून लई सोवळ्याची. एका घरी मी बघितली ना. पोरगी अंधारात उठून पाणी भरायची. हांडा भरला, वाटेत कुणाची सावली पडली वाटलं, की ओतून दिला. परत भरला. कावळा शिवल्याचे दिवस संपले की अंथरूण-पांघरूण, दाराची कडी, हात पोचंल तिथवर भिंतसुदिक धुवायची. हाताची सालं निघाली व्हती. घरचे म्हणायचे, देवाधर्माचं लई करती. मग उन्हाळा आला, गावाला टँकर सुरू झाला, पाणी मोजून मिळायला लागलं. तवा नवऱ्यानं हात उचलला. म्हंजे बघ, टिपाड भरलेलं व्हतं तवर पुण्यवान आणि टिपाड रिकामं झालं की येडी. पोरगी दोन्ही वेळंला सारखीच आजारी व्हती.

भाचा : बंगालात यावर काम झालंय. कोलकात्याच्या डॉ. अजिता चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी जी. बॅनर्जी यांनी १९७५ साली लेख लिहिला. तिकडं याला शुचिबाई म्हणतात. बायांमध्ये, त्यातही विधवांमध्ये जास्त. रस्त्यात घाणीवर पाय पडेल म्हणून उड्या मारत चालायचं, हातात आलेली नाणी धुऊन घ्यायची, बाहेरून आलं की सगळे कपडे बदलायचे.

मावशी : विधवाच का, ते लिहिलंय का त्यांनी? मी सांगते. जिचा घरात कशावर हुकूम न्हाई, तिचा सोवळ्यावर असतो. ‘मला शिवू नका’ एवढं एकच वाक्य तिला म्हणता येतं, आणि ते थोरल्या दिराला बी ऐकावं लागतं.

भाचा : असेलही. पण तेच कारण आहे असं मी लिहून देणार नाही. हुकूम चालवायला सोवळं पाळणारी बाई कामापुरतं पाळते. जिला आजार आहे तिला थांबायचं असतं आणि थांबता येत नाही. बाहेरून दोघींच्या हातात तांब्याच दिसतो. आणि खरं सांगू का मावशी, आपल्या लोकांनी जे भोगलं ते आठवलं की मला वाटतं, आख्ख्या गावालाच मंत्रचळ झाला होता. सावली नको, पाणी नको, पाऊलखूण नको.

मावशी : हे पुन्हा बोलू नको. आजार म्हणतोस त्याला? ऐक. आरोळे डॉक्टर आणि मेबल बाई १९७० ला जामखेडला आले. गावात बोअर घ्यायची वेळ आली तवा त्यांनी जागा आपल्या वस्तीच्या बाजूला बघायला लावल्या, म्हंजे वरच्या आळीला पाण्यासाठी आपल्यातच यावं लागंल. ७२ चा दुष्काळ व्हता. आले की नाही लोक? हापसा मारून, घागरी भरून गेले. तहान लागल्यावर त्यांचा विटाळ कुठं गेला? आजार असता तर तहानेनं सुटला असता का? ती सून आठव. घशाला कोरड पडली तरी भरलेला हांडा ओतून देत व्हती. तिला आजार व्हता. आपल्याला विहिरीवर चढू न देणाऱ्यांना कसलाच त्रास न्हवता. ते रात्री शांत झोपायचे. त्रास आपल्याला व्हता. त्यांना आजारी ठरवलंस तर त्यांची सुटका करतोस तू, आणि त्या पोरीला त्यांच्या रांगेत नेऊन बसवतोस.

भाचा : बरोबर आहे तुझं. आजारी माणसाला आपला विचार खुळा आहे हे बहुतेक वेळा कळत असतं. कळूनही सुटत नाही, तिथंच त्याची सगळी पीडा असते.

सगळ्या वादात मावशीचा हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. फ्रॉइडनं १९०७ साली धार्मिक विधी आणि मंत्रचळाच्या कृती यांचं साम्य दाखवलं. तेव्हापासून रूढीला आजार म्हणण्याची सवय शिकलेल्या माणसांना लागली आहे. त्यातून दोन नुकसानं होतात. अन्याय करणाऱ्याला रुग्णाची सहानुभूती मिळते. आणि खरोखरीचा रुग्ण ‘आमच्यात असंच असतं’ या वाक्याखाली गाडला जातो. महाराष्ट्राला यातलं दुसरं नुकसान अजून नीट दिसलेलं नाही.

भाचा : बंगालचं ऐकलंस, आता तुला उत्तरेचं सांगतो. त्याच १९७५ साली चंदीगडच्या पीजीआयमधल्या लोकांनी, त्यात डॉ. विग होते, ८२ रुग्णांचे विचार नीट तपासले. कशाचे विचार येतात? घाण आणि विटाळाचे शंभरात ४६ जणांना. मारहाणीचे, इजा करण्याचे २९. धर्माचे ११. लैंगिक ५. आता मला यात एक कोडं आहे. एवढा देवधर्म करणारा देश आणि धर्माचे विचार फक्त अकरांना? कैरोत ऐन शम्स विद्यापीठाच्या डॉ. ओकाशांनी १९९४ साली ९० रुग्ण तपासले, तर तिथं धर्म आणि विटाळ, दोन्ही सगळ्यांत वर.

मावशी : कैरोत कसले विचार येतात?

भाचा : नमाजाआधी वजू करतात, त्यात हात, तोंड, पाय धुवायचे असतात. नीट झाली का? वारा सुटला का? मग पुन्हा पहिल्यापासून. जेरुसलेमला कर्मठ ज्यूंमध्ये प्रार्थनेचा शब्द बरोबर उच्चारला का, मन लावून म्हटला का, दुधाचं भांडं मांसाच्या भांड्याला लागलं का. ख्रिस्ती संतांमध्येसुद्धा हे होतं. लोयोलाच्या इग्नेशियसनं लिहून ठेवलंय की गवताच्या दोन काड्या क्रूससारख्या पडलेल्या असल्या आणि पाय पडला, तर पाप झालं अशी शंका माणसाला छळत राहते.

मावशी : मग कोडं कसलं? त्यांचा धर्म नमाजात, प्रार्थनेत, पुस्तकात हाय. म्हणून त्यांची शंका तिथं जाती. आपला धर्म कुठं हाय? चुलीपाशी, मोरीपाशी, विहिरीवर. कुणी कुणाच्या हातचं खायचं, कुणी कुठं बसायचं, यातच तर तो हाय. तुमच्या मोजणाऱ्यांनी घाण एका खान्यात टाकली आणि धर्म दुसऱ्या. त्या सुनेला तू कुठं टाकशील? ती शेण हातानं कालवून गोवऱ्या थापायची, त्याला तिची ना न्हवती. पण त्याच हाताला विटाळशी बाईचा पदर लागला तर संपलं. ही घाणीची भीती हाय का?

भाचा : नाही. जंतूंची तर नाहीच नाही.

मावशी : मग अकरा आणि शेचाळीस एकत्र कर, आणि मग सांग हा देश धार्मिक हाय की न्हाई.

भाचा : सगळे नाही करता येणार. चंदीगडच्या त्या शेचाळिसांत साध्या रोगराईला भिणारेही असतील. पण त्यातले बरेच तुझ्या बाजूला येतील, हे मी मान्य करतो. तरी माझं म्हणणं सोडत नाही. ब्राझीलमध्ये रिओच्या रुग्णांत हिंसेचे विचार पुढं आले. बाली बेटावर रॉबर्ट लेमेलसन नावाच्या मानवशास्त्रज्ञाला असे रुग्ण भेटले की वाटेनं जाणारा माणूस कोण, कुणाचा, हे कळल्याशिवाय त्यांना चैनच पडायचं नाही. एड्सची बातमी पसरली तेव्हा लोक एड्सच्या भीतीनं हात धुवायला लागले, कोरोनात कोरोनाच्या. विचारातला ऐवज बदलतो. शंका, भीती, कृती, घटकाभर सुटका आणि पुन्हा शंका, हा फेरा कुठंच बदलत नाही. औषध मी फेऱ्यावर देतो.

मावशी : देशील रे. पण तुझ्यापर्यंत कोण येणार हे तो ऐवज ठरवतो. आणि ते लैंगिक पाच म्हणालास ना, ते ‘पाच जणांना आले’ असं म्हणू नको. पाच जणांनी सांगितले असं म्हण.

भाचा : हे मात्र अगदी खरं. माझ्याकडं एक गृहस्थ यायचे. दरवर्षी दिंडीत चालणारे. विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवलं की मनात अशी शिवी उमटायची की त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं वाटायचं. मग शंभरदा क्षमा मागायची. ती मोजताना चुकली की पुन्हा. कितीतरी वर्षं बायकोलाही सांगितलं नव्हतं. आधी देवऋषाकडं गेले, त्यानं करणी सांगितली. दवाखान्यात आले ते झोप येत नाही म्हणून. विचार काय येतो हे सांगायला त्यांना खूप दिवस लागले.

मावशी : बाळंतिणीचं सांगते तुला. बाराव्या-तेराव्या दिवशी मी घरी गेले की काही बाया बाळाला हातच लावायच्या न्हाईत. विळी दिसली की तोंड फिरवायच्या. सासू म्हणायची, आईला माया न्हाई. मी सगळ्यांना बाहेर घालवायची आणि हळूच विचारायची, बाई, मनात वंगाळ येतं का? मग एकेक रडायची. म्हणायची, मावशी, मी लेकराला कापीन की काय असं येतं मनात. मला लई दिवस वाटायचं, अशीला एकटी ठेवू नये.

भाचा : जिला या विचाराची भीती वाटते, किळस येते, जी म्हणूनच विळी लपवून ठेवते, ती बाळाला काही करत नाही. विचार तिच्या मायेच्या उलट आहे म्हणून तर तो एवढा टोचतो. तिचं बाळ तिच्याजवळच राहू द्यायचं. जिला तो विचार बरोबर वाटतो, कुणीतरी आतून हुकूम देतंय असं वाटतं, बाळात भूत दिसतं, तिची गोष्ट वेगळी. तिला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं. हा फरक प्रत्येक आशाताईला शिकवला पाहिजे.

मावशी : हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बरं, मला एक सांग. कीर्तनात नाथबाबांची गोष्ट सांगतात. पैठणला ते गोदावरीत आंघोळ करून वर आले की एकजण त्यांच्या अंगावर थुंकायचा. नाथ परत आंघोळ करायचे. अशा एकशे आठ आंघोळी केल्या म्हणतात. तुझ्या हिशोबानं हा आजार का?

भाचा : (हसून) आख्यायिका आहे, पण तुझा प्रश्न नेमका आहे. नाही. नाथ चिडले नाहीत, भ्याले नाहीत. एकशे आठ काय आणि दोन काय. थांबले असते तर त्यांच्या मनाला काही झालं नसतं. आकड्यावरून आजार ठरत नाही.

मावशी : मग आता उपाय सांग. त्या सुनेला काय देशील?

भाचा : दोन गोष्टी. गोळी, फ्लुओक्सेटीनसारखी. उदासीला देतात त्याहून जास्त मात्रेत, आणि गुण दिसायला दहा-बारा आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडायची नाही. दुसरी गोष्ट सवयीची. १९६६ साली लंडनला व्हिक्टर मायर यांनी करून दाखवली. ज्याची भीती वाटते ते हळूहळू, तिच्या संमतीनं हाताळायला लावायचं आणि नंतर धुवू द्यायचं नाही. भीती वर चढते, मग आपोआप उतरते. ती आपोआप उतरते हे तिच्या अंगाला कळलं पाहिजे.

मावशी : आणि सासू? पोरीनं न धुतल्या हातानं भाकरी केली तर सासू ताटावर बसंल का?

भाचा : म्हणून घरच्या रीतीला मी हात घालत नाही. सासू जेवढं धुते तेवढं तिनंही धुवावं. मुसलमान रुग्ण असला तर मौलवींना विचारतात. ते सांगतात, तीनदा धुवायचं, चौथ्यांदा धुणं धर्मालाच मंजूर नाही. रुग्ण ते ऐकतो. आपल्याकडंही घरातल्या थोरल्या बाईलाच माप धरायचं.

मावशी : म्हंजे पोरगी बरी होऊन काय करणार? पाळीच्या दिवसांत गुमान बाजूला बसणार. बाकीच्या बसतात तशी. तू तिला विटाळ शिकवूनच घरी पाठवतोस.

भाचा : मावशी, ती दिवसातले सहा-सात तास पाण्यात आहे. हातातून रक्त येतंय. आधी मला तिला त्यातून बाहेर काढायचंय. गावाची रीत मोडायचं काम माझ्या दवाखान्यात होणार नाही.

मावशी : न्हाईच होणार. आम्ही कुष्ठरोगाचं काम केलं तवा चट्टे शोधले, गोळ्या दिल्या. पण त्याच्या आधी आणि त्याच्या बरोबरीनं काय केलं माहीत हाय का? त्यांना बाकीच्या रोग्यांबरोबरच तपासलं. पूर्वजन्मीचं पाप न्हाई, जंतू हाय, हे घरोघर सांगितलं. आम्ही सगळ्या जातीच्या बाया शिकायला येत व्हतो, एका जागी जेवत व्हतो, ते लोकांनी बघितलं. नुसत्या गोळ्या वाटल्या असत्या तर लोकांनी चट्टा पदराखाली झाकला असता. सोवळं पुण्याचं म्हणून जवर राहील, तवर ही पोरगी तुला दिसायचीच न्हाई.

भाचा : आणि सोवळं जाईपर्यंत मी थांबलो तर हिची सगळी तरुण वर्षं जातील.

हा वाद इथं मिटत नाही, आणि तो मिटलाय असं मी दाखवणार नाही. भाचा थांबू शकत नाही हे उघड आहे. आजार बहुधा विशीच्या आगेमागे सुरू होतो, आणि उपचार न मिळालेलं प्रत्येक वर्ष त्या माणसाच्या शिक्षणातून, लग्नातून, मुलांच्या बालपणातून जातं. पण घरच्या रीतीला माप धरण्याची त्याची युक्ती मला पुरी पटत नाही. ज्या घरात माप धरायची बाई स्वतःच पन्नास वर्षं हात सोलून घेत आली असेल, तिथं डॉक्टर काय करणार? भाच्यानं याला उत्तर दिलं नाही. मावशीनं कामाचं काढलं.

मावशी : सोमवारी बचत गटाच्या बाया जमणार हायेत. त्यांना काय विचारू सांग. दिवसातनं किती वेळा हात धुता, असं विचारू?

भाचा : नको. आकडा नको.

मावशी : मला बी तेच वाटतं. आकडा विचारला की आपली बाई वाढवूनच सांगंल. मी असं विचारीन, धुता धुता थांबावं असं वाटतं का? आणि वाटलं तर थांबता येतं का?

भाचा : आमच्याकडं १९८९ पासून आजार किती आहे ते मोजायची एक प्रश्नावली आहे. त्यात किती वेळ जातो, किती त्रास होतो, किती विरोध करता आणि किती ताबा राहतो, असं विचारतात. तुझ्या दोन प्रश्नांत त्यातला निम्मा भाग आला.

मावशी : आणि ज्या बाया हो म्हणतील त्यांचं पुढं काय? नगर पाऊणशे किलोमीटर. एका फेरीत दिवसाची मजुरी जाती, वर सासूला काय सांगायचं?

भाचा : पहिलं बोलणं फोनवर होतं. १४४१६, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात. मग मी महिन्यातून एकदा जामखेडला येत जाईन. कातडीचा दवाखाना म्हणून सांग हवं तर. हातांची सालं निघालेली दाखवायला सासूच घेऊन येईल.

मावशी : कातडीचा म्हणून न्हाई सांगणार. खोटं सांगून आणलेली बाई दुसऱ्यांदा येत न्हाई. मनाचा म्हणूनच सांगीन, आणि पहिल्या दिवशी मी स्वतः रांगेत बसीन.

भाचा : बरं. आणि पुरुषांना एक प्रश्न विचार. देवापुढं उभं राहिलं की मनात नको ते येतं का?

मावशी : ते मी विचारलं तर एकजण तोंड उघडायचा न्हाई. पारावर तू बस, तू विचार. आणि आधी तुझ्या त्या दिंडीतल्या गृहस्थाची गोष्ट सांग, नाव न घेता.